दप्तरखान्यात पहिल्यांदा जाताना

पुराभिलेखागारात आलेला नवखा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो: "तुमच्याकडे दुष्काळावर काय आहे?" दुष्काळाच्या जागी शिक्षण, सत्यशोधक, रेल्वे, आपलं आडनाव, काहीही घाला. ग्रंथालयात हा प्रश्न चालतो, कारण तिथे पुस्तकं विषयानुसार लावलेली असतात. दप्तरखान्यात कागद विषयानुसार नसतात. ज्यानं ते लिहिले, ज्याला ते आले आणि ज्यानं जपून ठेवले, त्याच्या नावानं ते असतात. ही एक गोष्ट आधी डोक्यात बसली तर पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या तिच्याच भोवती आहेत.

आधी घरी बसून: प्रश्न उलटा करा

समजा, १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या आपल्या तालुक्यात काय घडलं, हे तुम्हाला शोधायचं आहे. कागद-पेन घ्या आणि त्या वेळी या गोष्टीबद्दल लिहिणं कोणाला भाग होतं, याची यादी करा. मामलेदार कलेक्टरला लिहिणार, कलेक्टर कमिशनरला, कमिशनर मुंबई सरकारच्या महसूल खात्याला. दुष्काळी कामं म्हणजे रस्ते, तलाव, कालवे. तो पत्रव्यवहार सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असणार. १८७७ च्या जानेवारीत रिचर्ड टेंपल व्हाइसरॉयचा प्रतिनिधी म्हणून पाहणीला निघाला आणि कामावरच्या मजुरांची मजुरी कमी करण्यात आली. त्यावर तक्रारी झाल्या, म्हणजे अर्ज आले. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० पासून काम करत होती आणि दुष्काळाची गावोगावची हकिकत सरकारला कळवत होती. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री होते आणि ते सगळं बोस्टनच्या मुख्य कचेरीला लिहीत होते.

झाली यादी. आता तुमच्याकडे "दुष्काळ" हा एक विषय नाही, चार-पाच लिहिणारे आहेत आणि प्रत्येकाचं दप्तर वेगळ्या ठिकाणी आहे. सरकारी खात्यांचे खंड मुंबई पुराभिलेखागारात. मिशनची पत्रं ज्या अमेरिकन मंडळाकडे जात होती, त्याचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात. नगरच्या एखाद्या खेड्यातल्या उपासमारीचं वर्णन अमेरिकेतल्या कपाटात असू शकतं, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. ते पत्र तिकडेच पाठवलं होतं, म्हणून ते तिकडे आहे.

हे उलटं करण्याचं काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. याला एक दिवस दिला तर वाचनकक्षातला आठवडा वाचतो.

कोणाकडे काय

महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारांपैकी मुंबईचं सर्वांत जुनं. १८२१ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं त्याची सुरुवात केली. काळा घोडा इथली एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत हा त्याचा बहुतेकांना माहीत असलेला पत्ता. कंपनीच्या काळापासूनचा मुंबई इलाख्याचा कारभार इथे खात्यांनुसार आणि वर्षांनुसार लागलेला आहे. राजकीय चळवळींवर काम करणारे इथे गृह खात्याच्या 'स्पेशल' फायली मागवतात. पोलिसांना ज्यांचा संशय होता, त्यांच्याबद्दल पोलिसांनीच सगळ्यात जास्त लिहून ठेवलं आहे.

पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे; कागदांची संख्या कोटींत सांगतात. हे दप्तर का टिकलं, तेही समजून घ्या. १८१८ नंतर इंग्रजांना इतिहासाची आवड लागली म्हणून ते गोळा झालं नाही. कोणाची इनामं खरी आणि कोणाची खोटी, हे ठरवायला त्यांना जुने हिशेब हवे होते. आजची इमारत १८९१ च्या सुमाराची, तीही याच इनामांचं काम पाहणाऱ्या एलिएनेशन ऑफिससाठी उभी राहिली. म्हणून जमीन, वतन, इनाम आणि वसूल यांचे कागद तिथे उदंड आहेत. पेशव्यांच्या घरात कोण काय बोललं, हे शोधायला निघालात तर बरेच रुमाल कोरडे जातील. त्यातले विभाग ऐकून ठेवा: शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, पागा, जमाव. शेजारीच सातारा महाराजांचं आणि आंग्र्यांचं दप्तरही आहे.

भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात स्थापन केलं. सरकारनं पेशवे दप्तर खासगी अभ्यासकांना सहजासहजी पाहू दिलं नव्हतं, त्या काळात राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्या-मठांतून कागद मिळवले. त्यामुळे मंडळात आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात सरदार, देशमुख, कुलकर्णी, पुजारी अशा घरांची दप्तरं दिसतात. सरकारी दप्तरात गाव वरून दिसतं, घरगुती दप्तरात आतून. दोन्ही बघितल्याशिवाय गावाचं चित्र पुरं होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ चं, आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. तिथली एक मालिकाच मान्सूनच्या नावानं ओळखली जाते, कारण लिस्बनची जहाजं मोसमी वाऱ्याबरोबर वर्षातून एकदा येत आणि राजाचा वर्षभराचा पत्रव्यवहार त्यांच्याबरोबर. जहाजांच्या फेरीप्रमाणे कागद बांधले गेले. शिवकाल आणि संभाजीकाल अभ्यासणाऱ्यांनी हे दप्तर डावलू नये. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातून काय काय काढलं, ते आधी वाचून जावं. पोर्तुगीज येत नसली तरी तिथे गावकऱ्यांचे मराठी आणि मोडी कागद आहेतच.

विसाव्या शतकातली माणसं शोधायची असतील तर दिल्ली चुकत नाही. गोखले, मु. रा. जयकर, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांची कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. खापर्ड्यांच्या रोजनिश्या तर वाचत बसाव्या अशा. न. चिं. केळकर, डॉ. मुंजे, लोकनायक अणे यांचे संग्रह पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात, म्हणजे आताच्या प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालयात. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कागदही याच दुसऱ्या ठिकाणी. माणूस एकीकडे आणि त्यानं काढलेली संस्था दुसरीकडे, असं नेहमी होतं. त्यामुळे एका संग्रहाची सूची बघून "एवढंच दिसतंय" म्हणून उठू नका.

उद्योगांची दप्तरंही विसरू नका. पुण्यात टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार आहे, विक्रोळीला गोदरेजचं. गिरणी, कारखाना, कामगार वसाहत, जाहिरात यांवर काम करणाऱ्यांना ती उपयोगी पडतात.

खासगी आणि सरकारी ही सीमा फसवी असते

आज आपण कचेरीतली फाइल घरी नेली तर तो गुन्हा होईल. अठराव्या शतकात कारभारी आपलं दप्तर आपल्या वाड्यातच ठेवत असे. नाना फडणविसांचं मेणवलीचं दप्तर हे याचं ठळक उदाहरण. अर्धा हिंदुस्थान ज्याच्या पत्रांवर हलत होता, त्याचा पत्रव्यवहार वाईजवळच्या कृष्णाकाठच्या वाड्यात होता. द. ब. पारसनिसांच्या सातारच्या संग्रहातून तो पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. म्हणजे राज्याचे कागद माणसाच्या घरी. एल्फिन्स्टनची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांतही खासगी पत्रांच्या जोडीला कारभाराचे कागद सापडतात.

यातून नवख्यानं घ्यायची गोष्ट अशी: सरकारी दप्तरात एखादा कागद नसेल तर तो अधिकारी निवृत्त होऊन कुठे गेला, त्याचे वारस कुठे राहिले, त्यांनी कागद कोणाला दिले, हे विचारा. बायकांच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. त्यांची पत्रं बहुतेक वेळा नवऱ्याच्या, भावाच्या किंवा मुलाच्या नावाच्या संग्रहात पडलेली असतात आणि सूचीत "कौटुंबिक पत्रव्यवहार" या दोन शब्दांत उरकलेली असतात. असे दोन शब्द दिसले की ती पेटी आधी मागवा.

जाण्यापूर्वीची तयारी

आधी छापील साधनं वाचा. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद १९३० पासून ४५ भागांत छापले गेले. राजवाड्यांचे साधनांचे २२ खंड आहेत. जे छापलेलं आहे तेच पुन्हा रुमालातून शोधण्यात दिवस घालवू नका. शिवाय छापील पत्रं वाचून त्या काळच्या भाषेला कान सरावतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरूनच चाळता येतं. तिथला शोध सूचीतल्या शब्दांवर चालतो, म्हणून गावाचं नाव इंग्रजांनी ज्या ज्या तऱ्हेनं लिहिलं, त्या सगळ्या तऱ्हा टाकून बघा. पुणे म्हणजे पूना एवढ्यावर भागत नाही.

मोडी शिका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकाचं काम करायचं तर याला पर्याय नाही. शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे आणि संशोधन संस्थांतर्फे वर्ग होतात. अक्षरं पंधरवड्यात येतात, हस्ताक्षरं वाचायला मात्र वर्ष जातं. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून नेहमीच्या मायन्यांपासून सुरुवात करा. "विनंति विशेष", "बहुत काय लिहिणे हे विनंति", "जाणिजे", "मोर्तब सुद" हे तुकडे जवळपास प्रत्येक पत्रात येतात. ते ओळखता आले की त्या लेखकाचे व, न, ज, म कसे निघतात ते कळतं आणि मधला मजकूर हळूहळू उकलतो.

सोबत ओळखपत्र, फोटो आणि विद्यापीठाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र ठेवा. संस्थेशी संबंध नसेल तर आपण काय शोधतो आहोत हे सांगणारं साधं, एका पानाचं पत्र लिहा. त्यात विषयाबरोबर काळ, प्रदेश आणि खातं नमूद करा. निघण्यापूर्वी फोन करून वेळ, सुट्ट्या आणि हवा तो विभाग सध्या बघायला मिळतो का, हे विचारून घ्या. डिजिटायझेशनसाठी किंवा दुरुस्तीसाठी दप्तर बाजूला काढलेलं असतं आणि परगावाहून आलेला माणूस हात हलवत परत जातो.

पहिला दिवस: सूची आणि चिठ्ठी

पहिल्या दिवशी कागद मागवायची घाई करू नका. सूच्या वाचा. सूचीच्या सुरुवातीला प्रस्तावना असते, ती कोणी वाचत नाही आणि कामाची सगळ्यात जास्त तीच असते: कागद कोणाकडून आले, कधी आले, मधले कुठले गेले, लावले कसे. त्यानंतर मागणीची चिठ्ठी भरा. सरकारी खंडासाठी खातं, वर्ष आणि खंड क्रमांक. पेशवे दप्तरासाठी विभाग आणि रुमाल क्रमांक. एकदम दहा मागवू नका, दोन-तीन पुरेत. आतून रुमाल काढून आणणाऱ्या कर्मचाऱ्यांशी नीट बोला. कुठल्या रुमालात काय आहे हे त्यांना सूचीपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि ते कुठेही छापलेलं नसतं.

संस्थेचं दप्तर बघत असाल तर सगळ्यांत आधी आवक-जावक नोंदवही मागा. त्यानंतर सभांची इतिवृत्तं. आवक-जावक वहीत तारीख, कोणाकडून, विषय आणि फाइल क्रमांक एका ओळीत असतो. मूळ पत्र हरवलं असलं तरी ते आलं होतं एवढं तरी सिद्ध होतं. इतिवृत्तात वाद गाळलेले असतात, ठराव तेवढे उरतात. वाद हवा असेल तर त्या आठवड्यातली सभासदांची खासगी पत्रं बघावी लागतात.

रुमाल सोडताना

रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा बांधलेला जाड कापडाचा चौकोन. गाठ सोडून चारही पदर टेबलावर पसरा, आतली पुडकी ज्या क्रमानं आहेत त्या क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडा आणि वाचून झालेलं पुडकं त्याच जागी ठेवा. हात धुऊन कोरडे करून बसा. हातमोज्यांनी जुना कागद जास्त फाटतो, कारण बोटांना अंदाज येत नाही. पेन नको, पेन्सिलच. घडी पडलेला लांब कागद दोन्ही हातांनी, एकेक घडी उलगडत उघडा. कसर लागलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर स्वतः सोडवू नका, कर्मचाऱ्यांना दाखवा. घडीतून बारीक चकचकीत कण पडले तर दचकू नका. ओली शाई वाळावी म्हणून लिहिणाऱ्यानं टाकलेली ती वाळू आहे.

क्रम बिघडवू नका हे मी पुन्हा सांगतो, आणि हे केवळ शिस्तीसाठी नाही. दोन पत्रं शेजारी का ठेवली गेली, यालाही अर्थ असतो. एखाद्या पाटलाचा अर्ज, त्यावरचा हिशेब आणि अखेरचा हुकूम एकाच पुडक्यात असतील, तर तारखा नसल्या तरी त्यांचा संबंध कळतो. कोणी एकानं "विषयवार" लावायच्या उत्साहात ते वेगळे केले की संबंध कायमचा गेला. घरच्या ट्रंकेतले आजोबांचे कागद लावतानाही हेच: आधी फोटो काढा, मग हात लावा, आणि टाचण्या काढताना कुठले कागद एकत्र टाचले होते ते टिपून ठेवा.

तारीख लावणं

इथे नवखे अडतात, म्हणून एक उदाहरण नीट बघू. पत्रावर "सु॥ इहिदे सितैन मया व अलफ" असं लिहिलेलं आहे. हे अरबी अंक आहेत, एककापासून वाचायचे. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. हे शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना. मृग नक्षत्राच्या सुमारास ते बदलतं, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेअखेर ६०० मिळवायचे. म्हणजे १७६० चा जून ते १७६१ चा मे: पानिपतचं वर्ष. दिवस मुसलमानी महिन्याचा असतो आणि त्याच्या आधी "छ" असतो, जसं "छ ७ जमादिलाखर". तो जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवायच्या तक्त्यात बघून इंग्रजी तारखेला आणायचा. मयातैन दिसलं तर शंभर नाही, दोनशे. ही चूक केली की पत्र शंभर वर्षं मागे जातं. फसली सन, म्हणजे महसुली वर्ष असेल तर दख्खनमध्ये ५९० किंवा ५९१ मिळवतात.

पत्राची पाठ बघायला विसरू नका. तिथे अनेकदा पैवस्तीची नोंद असते, म्हणजे पत्र पोचलं कधी. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख शेजारी ठेवली की बातमी किती दिवसांत पुण्याला आली ते कळतं. मग एखादा निर्णय चुकीचा होता की माहितीच उशिरा पोचली होती, हे ठरवता येतं. मला तर पाठीवरची ही अर्धी ओळ पुष्कळदा आतल्या मजकुराइतकीच मोलाची वाटते.

खासगी पत्रं वाचताना

माणसाच्या संग्रहात त्याला आलेली पत्रं असतात. त्यानं लिहिलेली दुसऱ्यांच्या घरी गेलेली असतात. नक्कल ठेवायची सवय असेल तरच दोन्ही बाजू मिळतात. म्हणून गोखल्यांचं म्हणणं शोधायचं तर त्यांच्या संग्रहाइतकेच त्यांना उत्तर देणाऱ्यांचे संग्रह बघा. संग्रहात सलग काही महिने रिकामे दिसले तर नोंद करा. त्या काळात तो माणूस तुरुंगात होता, आजारी होता की कोणी कागद काढून टाकले, हे शोधण्यासारखं असतं.

टिपण, फोटो, परवानगी

प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर पूर्ण पत्ता लिहा: संस्था, दप्तर, विभाग, रुमाल किंवा खंड, पुडकं, पत्र, तारीख. फोटो काढायची मुभा असेल तर कागदाच्या आधी मागणीच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, म्हणजे पुढचे सगळे फोटो कुठल्या रुमालातले ते विसरत नाही. ज्या रुमालात काहीच सापडलं नाही त्याचीही नोंद ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच पुन्हा मागवाल. फोटोंचा ढीग घरी नेऊन "नंतर वाचू" म्हणणाऱ्यांचं काम बहुधा तिथेच थांबतं; रोज निदान चार पत्रं तिथल्या तिथे वाचून काढा, शंका आली तर विचारायला माणसं समोर असतात.

सरकारी अभिलेख साधारण पंचवीस वर्षांनंतर पाहायला मिळतात, त्याला अपवादही आहेत. खासगी संग्रह देणाऱ्या कुटुंबानं अटी घातल्या असतील तर त्या पाळाव्या लागतात. पत्राचा कागद संस्थेकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, आणि आपल्याकडे तो हयातीत छापलेल्या लेखनात सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तर मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनात छापल्यापासून ६० वर्षं टिकतो. उतारा छापायचा असेल तर संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि वारस माहीत असतील तर त्यांनाही विचारा. हा अर्ज लेख लिहून झाल्यावर करायचा नाही. वाचनकक्षातून निघण्यापूर्वीच नमुना मागून घ्या, कारण उत्तर यायला वेळ लागतो.